आमच्या खटावची जागा ऐरोलीला आली

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या आली होती. तिचं सासर पुसेगावच्या बाजूला, आमचं गाव वडूजजवळ, दोन्ही सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातच, एसटीनं तासाभराचंसुद्धा अंतर नाही. ओवाळून झालं, जेवणं झाली, मग सोप्यात सगळे बसलेले, आणि चुलतभावाच्या मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ चालू होता, मतदारसंघांची फेररचना होणार, खासदार वाढणार, दक्षिणेतली राज्यं चिडलीत वगैरे. आत्यानं सहज विचारलं, "आपल्यात पण काय बदलणार का रं?" आणि आबा, म्हणजे माझे वडील, पटकन म्हणाले, "आपल्यात काय बदलायचं राहिलंय आता? तुझा खासदार वेगळा, माझा वेगळा, आणि ह्याचा तिसराच."

खरंच होतं ते. एका आजोबांची आम्ही माणसं, एका सोप्यात बसलेलो. आत्याचं मत कोरेगाव विधानसभेत म्हणजे सातारा लोकसभेत, आबांचं माण विधानसभेत म्हणजे माढा लोकसभेत, आणि माझं मत नवी मुंबईत कोपरखैरण्याला, ऐरोली विधानसभा, ठाणे लोकसभा. मी गेली कित्येक वर्षं हे नुसतं माहीत असलेली गोष्ट म्हणून वागवत होतो. त्या दिवशी मात्र ते डोक्यात अडकलं ते अडकलंच, आणि परत आल्यावर मी जुने आकडे, मतदारसंघ आखणाऱ्या परिसीमन आयोगाचे आदेश, जनगणनेचे तक्ते असं जे मिळेल ते वाचत बसलो. म्हणून हे लिहितोय.

आधी खटावचं सांगतो. मतदारसंघांची मागची फेररचना २००८ला झाली, त्याच्या आधी खटाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. सातारा जिल्ह्यात तेव्हा दहा आमदार होते: फलटण, माण, खटाव, कोरेगाव, वाई, जावळी, सातारा, पाटण, कराड उत्तर, कराड दक्षिण. आता आठ आहेत. जावळी गेला आणि खटाव गेला. गेला म्हणजे तालुका आहे तिथंच आहे, वडूजला तहसील आहे, पंचायत समिती आहे, येरळा नदी आहे, फक्त त्या नावानं विधानसभेत कुणी बसत नाही. तालुक्याचा मोठा भाग माणला जोडला, पुसेगाव-खटावकडचा भाग कोरेगावला, आणि पुसेसावळीकडचा तुकडा कराड उत्तरला. एका तालुक्याचे तीन आमदार झाले आणि लोकसभेला दोन खासदार, कारण माण माढ्यात टाकला आणि बाकीचे दोन साताऱ्यात राहिले.

हे कुणी मुद्दाम वाईट हेतूनं केलं असं मला वाटायचं, गावात तर सगळ्यांनाच वाटायचं, कुणी कुणाचं नाव घ्यायचं तर कुणी कुणाचं. पण आकडे मांडून बघितले तेव्हा मला कळलं की यात कुणाचा हात असायची गरजच नव्हती. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ९ कोटी ६८ लाख. विधानसभेच्या जागा २८८, त्या वाढवायच्या नाहीत असं ठरलेलं. म्हणजे एका आमदारामागं साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. सातारा जिल्ह्यात माणसं २८ लाख ९ हजार. भागा. ८.३५ येतं. झाले आठ. कोल्हापूरला भागलं तर साडेदहाच्या जरा खाली येतं, तिथं बाराचे दहा झाले, पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज, वडगाव ही नावं गेली. रत्नागिरीत सातचे पाच झाले, संगमेश्वर आणि खेड गेले. सिंधुदुर्गात चारचे तीन. विदर्भात ६६ होते ते ६२ झाले.

आणि ठाणे जिल्ह्याला, तेव्हा पालघर त्यातच होता, भागलं तर येतं चोवीसच्या थोडं वर. तिथं आधी तेरा आमदार होते ते चोवीस झाले. एकदम अकरा वाढले. त्या अकरातला एक म्हणजे ऐरोली. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, हा सगळा पट्टा.

इथं मी थांबलो. कारण कोपरखैरण्यात कोण राहतं? मी राहतो. आबा आयुष्यभर वाशीच्या मार्केटात माथाडी होते, त्याच्या आधी मसजिद बंदरात पोती वाहिली, बाजार वाशीला हलला तसे तेही हलले, माथाडी वसाहतीत खोली मिळाली, माझं शाळा-कॉलेज तिथंच झालं. आमच्या चाळीत दोन्ही बाजूला माण, खटाव, जावळी, पाटण, कोरेगाव. जत्रेच्या वर्गणीचा कागद फिरवला तर अर्धा सातारा जिल्हा एका जिन्यात भेटायचा. पाऊस नाही, शेती कोरडी, म्हणून माणसं निघाली. कुणी माथाडीत, कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार लांब लांबच्या राज्यांत. जनगणनेला माणूस मोजतात तो जिथं राहतो तिथं. म्हणजे आम्ही खटावातून उठून कोपरखैरण्याला आलो आणि आमच्या मागोमाग आमच्या तालुक्याची आमदारकीसुद्धा उठून इकडं आली. माझ्या डोक्याच्या गणतीनंच खटाव कमी पडला आणि ऐरोली उभा राहिला. दहा हजारांतला एक का होईना, पण तो मी आहे.

हे समजल्यावर दोन दिवस मला नीट काही सुचलं नाही. दुष्काळानं माणूस हलवला हे दुःख आपण पिढ्यान् पिढ्या सांगतोच, पण त्या दुष्काळाबद्दल विधानसभेत बोलायची जागाही दुष्काळामुळंच जाते, हे मी कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बरं, ऐरोलीला आमदार मिळाला यात चूक काही नाही, हेही मला म्हणायचंय. २००८पर्यंतच्या सगळ्या सीमा १९७१च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या. १९७१ला नवी मुंबई कुठं होती? सिडको नुकती स्थापन झाली होती. ठाणे-बेलापूरच्या बाजूला मतदार इतके फुगले होते की तिथल्या एका मताला गावाकडच्या मताच्या मानानं काही वजनच नव्हतं. मुंबई शहराच्या जागा सतराच्या दहा झाल्या आणि उपनगराच्या सतराच्या सव्वीस, तेही बरोबरच, माणसं गिरगाव-परळहून उठून तिकडं गेली होती. एक माणूस एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, हे मी मानतो, मनापासून मानतो. माझं दुखणं जागा कमी झाल्याचं जेवढं आहे त्यापेक्षा उरलेल्याची वाटणी जशी झाली त्याचं जास्त आहे.

तीन तुकडे झाल्यावर रोजच्या जगण्यात काय होतं ते सांगतो. तालुक्याची आमसभा असते, पंचायत समितीची, आमदार अध्यक्ष. तलाठी येत नाही, डीपी जळलाय, रस्ता उखडलाय, सगळं लोक तिथं उभं राहून अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोलतात. आमच्याकडं तीन आमदारांचा संबंध येतो. कुणाची आमसभा म्हणायची? बरं त्या तिघांपैकी प्रत्येकाला खटावचा तुकडा हा त्याच्या मतदारसंघाचं शेपूट आहे. मूळ मतं दुसऱ्या तालुक्यात. मी कुणाला दोष देत नाही, कुठलाही माणूस आपली जास्त मतं जिथं आहेत तिकडं आधी बघणार. पण मग अख्ख्या तालुक्याचा मिळून एखादा प्रश्न असेल तर तो कुणाचा? तालुक्याचा म्हणून पुढारीच तयार होईना, तयार होतात ते भागाचे. वडूजचा कार्यकर्ता माण तालुक्यातल्या दहिवडीकडं बघतो, पुसेगावचा कोरेगावकडं, पुसेसावळीचा कराडकडं. लग्नात एकत्र पंगतीला बसणारी माणसं निवडणुकीत तीन दिशेला तोंड करून.

लोकसभेचं तर अजून वेगळं. कलेक्टर साताऱ्याला, जिल्हा परिषद साताऱ्याला, सिव्हिल हॉस्पिटल साताऱ्याला, आणि आमच्या मताची मोजणी सोलापूरला. काकांच्या ऑपरेशनच्या वेळी पंतप्रधान निधीसाठी खासदाराचं पत्र लागत होतं, आबा सवयीनं साताऱ्याला गेले, एका कार्यालयात बसले, तिथल्या माणसानं चहा दिला, कागद बघितला आणि नम्रपणेच सांगितलं की तुमचं गाव माढ्यात आहे, पत्र तिकडचं लागेल. आबा त्या दिवशी रिकाम्या हातानं परत आले आणि रात्री एवढंच म्हणाले, आपण नक्की कुठले ते विचारायला पाहिजे आता. पत्र पुढं मिळालं, काम झालं. ते वाक्य मात्र माझ्या कानात राहिलं.

आणि पाणी. आमच्याकडं कुठलीही गोष्ट शेवटी पाण्यावर येते. जिहे-कठापूरची योजना बघा, कृष्णेचं पाणी तिथं उचलायचं आणि बोगद्यातून नेर तलावात, आंधळीत आणायचं, म्हणजे खटाव-माणला. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली योजना, पाण्याची वाट बघत दोन पिढ्या गेल्या. आता पाणी जिथून उचलतात तो भाग साताऱ्याच्या खासदाराचा आणि जिथं ते पोचायचं तिथला बराच भाग माढ्याच्या खासदाराचा. दोघांनी मिळून केलं तर ताकद दुप्पट, हे बोलायला बरं वाटतं, पण पाणी आलं की श्रेय दोघांचं आणि आलं नाही तर विचारायचं कुणाला हे आत्याला आणि आबांना वेगवेगळं शोधायला लागतं.

माढ्याबद्दल एक गोष्ट चांगलीही सांगायला पाहिजे. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण, माण असे सहा मिळून तो मतदारसंघ केला. माणगंगा आमच्याकडनंच वाहत सांगोल्याकडं जाते, सांगोल्याचा दुष्काळ आणि माणचा दुष्काळ सख्खे भाऊ आहेत, त्यामुळं बऱ्याच गावांची दुःखं तरी एकत्र आली. आणि २००९ला पहिल्याच निवडणुकीत तिथून शरद पवार उभे राहिले, बारामती सुप्रियाताईंना दिली. ते तेव्हा देशाचे कृषिमंत्री. आबांना त्या वर्षी माढ्याचं फार कौतुक वाटलं होतं, खरं सांगतो, गावात सगळेच खूश होते. नकाशानं तुटलेल्या भागाला एका मोठ्या नावानं काही दिवस तरी महत्त्व आलं.

त्या एका फेररचनेनं किती मोठी मोठी माणसं हलली ते आता मागं वळून बघितलं की कळतं. आमच्याच पट्ट्यात बघा, आधी माण राखीव होता तो खुला झाला आणि फलटण, माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. माळशिरस म्हणजे विजयसिंह मोहिते पाटलांचं घर, उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस, त्यांना २००९ला पंढरपुरातून लढावं लागलं आणि तिथं भारत भालकेंनी त्यांना हरवलं. फलटणचे रामराजे पुढं विधान परिषदेत गेले, सभापती झाले. पंढरपूर लोकसभा मतदारसंघ गेला, तो राखीव होता, तिथले रामदास आठवले शिर्डीला गेले आणि पडले. बुलढाणा खुला झाला म्हणून मुकुल वासनिक रामटेकला गेले, ते मात्र निवडून आले. राजापूर, जिथून नाथ पै आणि मधु दंडवते संसदेत जायचे, ते नावच संपलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं, आणि राजापुरातून चार वेळा जिंकलेले सुरेश प्रभू पहिल्याच निवडणुकीत हरले. इचलकरंजी गेलं, हातकणंगले आलं, आणि राजू शेट्टी खासदार झाले. राखीव जागा बदलत राहाव्यात असं माझं मत आहे. एकाच घरात तीस तीस वर्षं आमदारकी राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं, आणि ज्यांना कधी तिकीटच मिळालं नसतं अशी माणसं त्यामुळं निवडून आली. तो बदल मला खुपत नाही.

मावळचं मात्र मला अजून पटलेलं नाही. पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली आणि मावळ, पिंपरी, चिंचवड घाटावर, मधे अख्खा सह्याद्री, आणि दोन्ही मिळून एक खासदार. कायद्यात तर लिहिलंय की भूभाग सलग असावा, डोंगर-नद्या बघाव्यात, प्रशासनाच्या हद्दी बघाव्यात, दळणवळण बघावं, लोकांची सोय बघावी. काश्मीरमध्ये २०२२ला असंच झालं, अनंतनाग आणि राजौरी एका मतदारसंघात जोडले, मधे पीर पंजाल. लोकसंख्येचं गणित जुळलं की डोंगर मागं पडतो असं दिसतंय.

आता दक्षिणेचं. १९७६ला ४२व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या लोकसभेच्या जागा गोठवल्या, १९७१च्या लोकसंख्येवर. कारण सरळ होतं, कुटुंब नियोजन करणाऱ्या राज्याच्या जागा कमी होऊ नयेत. २००१च्या ८४व्या दुरुस्तीनं ते २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. आता २०२७ची जनगणना जाहीर झालीय, म्हणून सगळीकडं ही चर्चा. २०११च्या आकड्यांवर बघितलं तर उत्तर प्रदेशात एका खासदारामागं २५ लाख माणसं, महाराष्ट्रात साडेतेवीस, तमिळनाडूत साडेअठरा, केरळात १७ लाखांच्या आत. मार्च २०२५ला तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री असलेल्या स्टॅलिन यांनी चेन्नईत यावर बैठक बोलावली, केरळचे, तेलंगणाचे, पंजाबचे मुख्यमंत्री गेले. तमिळनाडूला हे नवीनही नाही, साठच्या दशकात त्यांच्या ४१च्या ३९ झाल्या होत्या.

त्यांचं म्हणणं मी ऐकतो तेव्हा मला आमचं गाव दिसतं. ते म्हणतात, आम्ही लोकसंख्या आवरली त्याची शिक्षा आम्हाला का. अहो, हे आमच्याकडं २००८ला होऊन गेलं. घटनेनं राज्याला राज्यापासून वाचवलं, पण राज्याच्या आत जिल्ह्याला जिल्ह्यापासून वाचवणारं काहीच नव्हतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुणासाठी चेन्नईसारखी बैठक झाली? तमिळनाडूकडं मुख्यमंत्री आहे, भाषा आहे, पक्ष आहेत. खटावकडं काय होतं? पारावरची चर्चा होती. आणि आज महाराष्ट्रात या विषयावर बोलणारे सगळे मोठ्या आकड्यांवर बोलतात, आपल्या ४८च्या किती होणार, उत्तर विरुद्ध दक्षिण. आत रेघ कुठून जाणार यावर कुणी बोलताना मला तरी दिसत नाही, आणि माझ्या आबांचं आयुष्य त्या आतल्या रेघेनं बदललंय.

वाचताना अजून एक कळलं ते सांगितलंच पाहिजे. आयोगात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती असतात, मागच्या वेळी कुलदीप सिंग होते. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. मसुदा राजपत्रात आणि स्थानिक पेपरांत छापतात, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी घेतात. मग अंतिम आदेश निघतो, तो लोकसभेपुढं आणि विधानसभेपुढं ठेवतात पण त्यांना त्यात एक शब्द बदलता येत नाही. कोर्टाचाही दरवाजा जवळपास बंदच, उज्जैनच्या एका माणसानं प्रयत्न केला होता, १९६६ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या आदेशाला कायद्याचंच बळ आहे. म्हणजे बोलायचं असेल तर मसुदा आणि अंतिम आदेश यांच्यामधल्या त्या थोड्या दिवसांतच बोलायचं. मी आबांना फोन करून विचारलं, तेव्हा आपल्या गावातून कुणी हरकत दिली होती का? ते म्हणाले, हरकत द्यायची असते हेच आम्हाला निवडणुकीला याद्या आल्यावर कळलं.

म्हणून पुसेगावच्या यात्रेला जोडून गावी गेलो तेव्हा तालुक्याचा नकाशा प्रिंट काढून नेला, मोठा, भिंतीवर लावण्याएवढा. महसूल मंडलं, म्हणजे महसूल खात्याचे गावांचे गट, रंगवून ठेवली होती. आत्यालाही बोलावलं. मी आधीच एक अर्ज लिहून ठेवला होता, वेळ येईल तेव्हा ग्रामपंचायतींच्या ठरावांबरोबर द्यायला, की खटाव तालुका अख्खा एकाच मतदारसंघात ठेवावा. वाचून दाखवला. आत्या म्हणाली छान लिहिलंयस, पुसेगावच्या सरपंचांना पण दे. मला वाटलं झालं.

आबा बराच वेळ नकाशाकडं बघत होते. मग त्यांनी माणवर बोट ठेवलं. "खटाव अख्खा ठेवला तर माण एकटा पुरतो का?" नाही पुरत, माणची माणसं खटावपेक्षाही कमी आहेत, आणि खटावही एकटा पुरत नाही, त्याला भर घालायला कुठूनतरी गावं आणायला लागणार. "मग ती कुठली घेणार?" मी म्हटलं, माणची कडेची गावं, नाहीतर कोरेगावची. आबांनी बोट दहिवडीकडं सरकवलं, तिथं माझं आजोळ आहे. "म्हणजे आता माझ्यासारखं तुझ्या मामानं साताऱ्याहून रिकाम्या हातानं परत यायचं, असंच ना?"

अर्ज अजून टेबलावर आहे. शेवटचा परिच्छेद मी खोडलाय आणि नकाशा परत उघडून बसलोय, कुठली मंडलं कुठं गेली तर कुणाचंच गाव एकटं पडणार नाही ते बघत. अर्ज मामालाही पाठवलाय, त्यानं कळवलंय की पंधरा दिवसांनी दहिवडीला ये, इथल्या चार माणसांना घेऊन बसू.